गुरूच्या चंद्राकडे निघालेलं नाव

लातूर,
२० नोव्हेंबर २०२३

ती. केवळाआत्यास,
पुनमचा शि. सा. नमस्कार वि. वि.

एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेला फराळाचा डबा पोचला. चकल्या मोडल्या होत्या, पण चव शाबूत होती. परवा फोनवर मी दहा मिनिटं ओरडले, तुला एक अक्षर ऐकू आलं नाही आणि शेजारच्या वहिदाभाभी मात्र काय झालं म्हणून धावत आल्या. कानाचं यंत्र तू कपाटात ठेवतेस हे मला माहीत आहे. तेव्हा आपलं पत्रच बरं. निदान त्यात तुला माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

चांद्रयान उतरल्यापासून आमच्या शाळेतल्या पोरींना आभाळाचं वेड लागलंय. मी दर शनिवारी वर्गाच्या भिंतीवर एक नवं चित्र लावते. आता एक नवीनच खूळ निघालंय. अमेरिकेचं एक यान पुढच्या वर्षी गुरू ग्रहाकडे जाणार आहे. गुरूला पुष्कळ चंद्र आहेत, त्यातला युरोपा नावाचा एक सगळा बर्फानं झाकलेला. बर्फाच्या खाली खारं पाणी असावं म्हणतात, आणि ते पाणी जिवाला राहण्यासारखं आहे का ते हे यान बघणार. त्या यानावर कुणाचंही नाव कोरून पाठवतात. आपण फक्त मोबाइलवर नाव भरायचं. वर्गातल्या मनतशानं हेडमास्तरांचं नाव भरलं आणि मला विचारलं, की मॅडम, गेलेलं माणूस परत येत नाही ना.

आईचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा झालंय. पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळं ती दिवसभर माठाकडे बघत बसते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की हृदय दमलंय, फार लांबचे बेत करू नका. हे मी तिला सांगितलेलं नाही, पण तिला कळलेलं दिसतं.

आता मुद्द्याचं. मागच्या शनिवारचं चित्र घरात टेबलावर पडलं होतं. धुळीचे पिवळे-तांबडे ढग आणि त्यात नुकते जन्मलेले पन्नासेक तारे. आईनं विचारलं, हे काय. मी म्हटलं, ही ताऱ्यांची बाळंतिणीची खोली समज. तिनं ह्यांची नावं विचारली. मी म्हटलं, नावं कुठली, इतक्या सगळ्यांचं बारसं कोण करणार, नुसते नंबर असतात. संध्याकाळी ताटावर बसल्यावर ती म्हणाली, की माझ्या पोरीला तर नंबर बी न्हवता.

किल्लारीच्या भूकंपात आपलं जुनं गाव गेलं आणि त्यात माझी मोठी बहीण गेली, एवढंच मला ठाऊक होतं. आण्णा होते तोवर घरात तो विषय कधी निघाला नाही. ती पंधरा दिवसांची होती आणि तिचं बारसं झालेलंच नव्हतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. गेलेल्यांच्या यादीत म्हणे 'वैजनाथ यांची मुलगी' एवढंच लिहिलंय.

आपल्या घरी नाव आत्या ठरवते आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणाला कळू देत नाही. माझंही तूच ठेवलंस. आई म्हणते, की तिचं नाव आक्कांजवळ, म्हणजे तुझ्याजवळ, तयार होतं. तीस वर्षं विचारायचा धीर झाला नाही, पण आता जायच्या आधी लेकीला एकदा नावानं हाक मारायची आहे. तेवढीच तिची इच्छा उरली आहे. मी तिला कबूल केलंय, की आत्याकडून नाव आणते आणि त्या यानावरही घालते. मुदत ३१ डिसेंबरची आहे. तेव्हा ते नाव लिहून पाठव. एक शब्द तर लिहायचाय.

थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करू नकोस. माया असू दे, वाढली तरी चालेल.
तुझी,
पुनम


मुदखेड,
२९ नोव्हेंबर २०२३

चि. पुनमला,
केवळाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोबत पाठवलेला त्या बर्फाच्या चंद्राचा फोटो मी देवघराजवळ लावला होता, पण शेजारची शांतम्मा बघून म्हणाली, की ही तर तुमच्या टाचेची भेग आहे. नीट बघितलं तर खरंच तसंच दिसतं. मग तो काढून पंचांगात ठेवला. तुमच्या त्या लोकांना म्हणावं, एवढ्या लांब कशाला जाता, मुदखेडला या, कोकम लावायच्या आधी बघून घ्या.

इकडं सगळं ठीक. गुडघे कुरकुर करतात. शांतम्मा दत्तजयंतीला माहूरला चल म्हणून मागं लागली आहे, पायऱ्या चढवतील का ते रेणुकामाय जाणे. तू मात्र आभाळातले नंबर मोजत बसू नकोस. मागच्या महिन्यात उदगीरचं स्थळ सांगितलं होतं, त्याचं काय केलंस ते चार पानांच्या पत्रात एका ओळीनं लिहिलं नाहीस. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे आणि बोलायला कमी आहे. तुझ्यापुढं तसाच पाहिजे.

सुमनला सांग, पथ्य पाळ. भाजी उकळून पाणी टाकून देत जा. खजूर बंद.

नावाचं म्हणशील तर आता जुनं उकरून काय मिळणार. आमची आजी सांगायची, बारशाआधी गेलेल्या लेकराला हाक मारू नये, ते वाट चुकतं. सुमन आजारी आहे, आजारी माणसाच्या मनात काहीबाही येतं. तू शिकलेली आहेस, तिची समजूत घाल. पुढं कधी बघू.

तब्येतीला जप. म्हातारीवर लोभ ठेव.
तुझी आत्या,
केवळाबाई


लातूर,
१० डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. टाचेवर ती हसली. हसता हसता खोकला आला आणि तो अर्धा तास थांबला नाही. शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही. आत्या विसरली वाटतं, पुढच्या पत्रात लिहील, असं म्हणाले. आई म्हणाली, हाव, आक्का विसरायच्या न्हाईत.

परवा डायलिसिसच्या खाटेवर तिनं मला सगळं सांगितलं. चार तास यंत्र चालू असतं, तेवढ्या वेळात तीस वर्षं सांगून होतात. माहेरी कुणी नव्हतं म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बारावा दिवस सोमवारी आला. पाळणा बांधला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका जमल्या होत्या. तू आली नाहीस. बोलावणं घेऊन गेलेला गावातला गुरुलिंग तुझा निरोप घेऊन परत आला, की नाव तयार हाय, पण भाऊ स्वतः कुंकू घेऊन न्यायला आल्याशिवाय मी यायची न्हाई. बायका घुगऱ्या खाऊन घरी गेल्या. गणपती बुडवून झाले की आण्णा गुरुवारी मुदखेडला निघणार होते. पितृपंधरवडा लागायच्या आत उरकायचं ठरलं होतं. गुरुवारची पहाट काय घेऊन आली ते तुला मी काय सांगू.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. मीच जरा रागावले आहे, खोटं कशाला बोलू. मानपान मोठे असतात, कबूल. पण आता ज्यानं मान द्यायचा तो भाऊ राहिला नाही आणि जिला नाव द्यायचं ती पोरही नाही. आई तेवढी आहे, आणि तीही किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. वाट चुकण्याचं म्हणतेस, तर बिननावाच्या लेकराला कुणी हाक मारून वाटेवर तरी कसं आणायचं.

ती आता रोज पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसते. मी शाळेतून आले की मान हलवून नाही म्हणून सांगते. आत्या, हे मला बघवत नाही.

उत्तर लवकर पाठव. उदगीरच्या स्थळाला मी भेटते, पण आधी नाव.
तुझीच,
पुनम


मुदखेड,
१८ डिसेंबर २०२३

चि. पुनमला,
आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. सुमनला काय सांगायचं ते मग तू ठरव, मला ठरवता येत नाही.

नाव नव्हतं, बाळा.

गुरुलिंगजवळ निरोप दिला तो खोटा होता. मी नाव ठरवलंच नव्हतं. तीस वर्षं सुमनला वाटत राहिलं, की आक्का ते मुठीत धरून बसली आहे. माझी मूठ रिकामी होती.

का ते पण लिहिते. त्या साली माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवस झाले, हैदराबादचे डॉक्टर झाले, काही झालं नाही. तुझी आई लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाळंत झाली. मला आनंद झाला नाही असं नाही. पण नाव ठरवायला बसले की मी माझ्या पोरींसाठी म्हणून मनात ठेवलेली नावं आठवायची. चार होती. त्यातलं एकही उचलून द्यायला माझा जीव होईना, आणि दुसरं काही सुचेना. असे दहा दिवस गेले. मग गुरुलिंग आला. भावानं यायचं ते परक्या माणसाला पाठवलं, हे मला बरंच झालं. रुसायला निमित्त मिळालं. भाऊ न्यायला येईपर्यंत आणखी चार दिवस मिळतील, तोवर सुचेल काहीतरी, असा माझा हिशेब होता.

त्या पहाटे मुदखेडलाही मांडणीवरची भांडी वाजली. मी उठले, पाणी प्यायले आणि परत झोपले. दुपारी रेडिओवर कळलं. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा वैजू दगडांच्या ढिगाजवळ बसला होता. गणपतीच्या मिरवणुकीत होता म्हणून वाचला. सुमनला तुळईखालून काढलं होतं. तिनं मला बघितलं आणि मान वळवली. मला वाटलं, हिला कळलं. तिला तेव्हा काही कळत नव्हतं, हे आता समजतं.

तू झालीस तेव्हा मी बोलावण्याची वाट बघितली नाही, पाचव्या दिवशीच येऊन बसले. त्या चार नावांतलं पहिलं तुला दिलं. बाकीची तीन तशीच आहेत, पण ती आता त्या लेकराला देऊ कुठल्या तोंडानं. द्यायची तेव्हा दिली नाहीत. आता दिलं तर ती माझी चोरी झाकायला दिल्यासारखं होईल.

रागाव. मी त्याला लायक आहे. पण पत्र लिहायचं सोडू नकोस.
केवळाबाई


लातूर,
२७ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एकटी असताना वाच म्हणालीस, पण तुझं पत्र पोस्टमननं आईच्याच हातात दिलं. मी शाळेतून आले तर ती ते पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. न फोडता. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत, म्हणाली, वाच.

मी वाचायला लागले. आशीर्वाद तेवढा मोठ्यानं म्हटला, पहिल्या दोन ओळी मनातच वाचल्या आणि पुढची तीन शब्दांची ओळ समोर आली. आत्या, मला तिच्या तोंडाकडे बघून ती ओळ म्हणता आली नाही. समोर टेबलावर वर्गाचा हजेरीपट उघडा होता. बोट गेलं तिथलं नाव मी वाचलं. तनुजा. मग तुझ्या पत्रातून वाचते आहे असं दाखवत जे सुचेल ते बोलत गेले, की सुमन, तुझ्या लेकीचं नाव मी तनुजा ठरवलं होतं, मला माफ कर, वगैरे. काय काय बोलले ते मला आता आठवतही नाही.

आईनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. शेवटी म्हणाली, आक्कांनी चांगलं नाव ठेवलं. तुझं पत्र तिनं उशीखाली ठेवलंय. चवथीपर्यंत शिकलेली आणि साखरेनं नजर अधू झालेली, त्यामुळं ती भीती नाही. कागद तेवढा हातात धरते.

त्याच दिवशी आम्ही यानासाठी नाव भरलं. भरलं की बाटलीत चिठ्ठी घातल्याचं एक चित्र येतं आणि त्यावर आपलं नाव. वहिदाभाभींच्या वकारनं ते दुकानातून रंगीत छापून आणलं. आईनं ते आण्णांच्या फोटोशेजारी लावायला सांगितलं.

तुझ्या पत्राचं काय उत्तर द्यावं हे मला समजत नाही. राग आला होता, तो कुठं गेला ते कळत नाही. आता तुझ्यासारखंच मीही खोटं बोलले आहे, तेव्हा रागवायचा हक्क गेलाच. संक्रांतीला ये. आलीस तर तनुजा हेच नाव तू ठेवलं होतंस, एवढं लक्षात ठेव. आईपुढं आता मला उघडी पाडू नकोस.
पुनम


लातूर,
१६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन आठ महिने झाले. वर्षश्राद्धाच्या आधी तुला असं पत्र लिहायचं नव्हतं, पण परवा ते यान उडालं.

तिकडे वादळ आलं म्हणून चार दिवस लांबलं होतं. सोमवारी रात्री साडेनऊला गेलं. मी मोबाइलवर बघितलं. सगळं सुरळीत झालं, लोक टाळ्या वाजवत होते. सव्वीस लाख नावं आहेत त्यावर, केसाच्या हजाराव्या भागापेक्षा बारीक अक्षरांत कोरलेली. मंगळाला वळसा घालून, परत पृथ्वीजवळून जाऊन, २०३० साली ते गुरूजवळ पोचेल. दोनशे नव्वद कोटी किलोमीटर. या आठवड्यात दिवस मावळला की पश्चिमेला एक धूमकेतूही दिसतोय, शाळेच्या गच्चीवरून पोरींना दाखवला. त्या सगळ्या इतक्या खूश होत्या, की मला हसावंच लागलं.

पण मला झोप लागत नाही. सव्वीस लाखांत एक नाव खोटं आहे आणि ते मी घातलंय. मंगळवारी वर्गात हजेरी घेताना तनुजा म्हटल्यावर मागच्या बाकावरून हजर मॅडम असा आवाज आला आणि माझं पुढचं नाव वाचायचं राहून गेलं. हे नाव त्या पोरीचं आहे. माझ्या बहिणीचं नाही. आईनं तीस वर्षं वाट बघितली आणि मी तिच्या ओटीत हजेरीपटातलं पहिलं हाताला लागलं ते टाकलं.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. शेवटचे दोन दिवस आई मलाच तनुजा म्हणून हाक मारायची. मी ओ द्यायची. पाणी दे तनुजा. पाय दाब तनुजा. एकदा विचारलं, तू होतीस कुठं इतके दिवस. मी म्हटलं, इथंच होते. आत्या, मरणाऱ्या माणसाला कुणी इतकं फसवलेलं मी बघितलं नाही.

संक्रांतीला तू आलीस तेव्हा आईनं मला साखर आणायला पाठवलं होतं. परत आले तर तुम्ही दोघी हातात हात घेऊन रडत होतात. मला वाटलं, तू माझं खोटं सांभाळून घेतलंस. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, तू तिला खरं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. निदान सगळं कळून तरी ती गेली असती.

उदगीरच्यांना नाही कळवलंय. मुलगा चांगला आहे, पण माझं मन कशात नाही. काही दिवस लिहिलं नाही तर काळजी करू नकोस.
पुनम


मुदखेड,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. पुनमला,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कान आता पुरते गेले, डॉक्टरनं यंत्र परत घेतलं. त्यामुळं कागदावर जे येतं तेवढंच माझं जग.

मी सुमनला शब्द दिला होता, की हे तुला कधी दाखवणार नाही. तो आज मोडते आहे. तिला वर जाऊन तोंड द्यायचंय तेव्हा देईन. तू अशी झुरत बसलेली तिलाही आवडलं नसतं.

सोबत तिचं पत्र आहे. जानेवारीत वहिदानं पोस्टात टाकलेलं. तू शाळेत असताना तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आहे, सावकाश वाच. संक्रांतीला मी का आले आणि तुला साखर आणायला का पाठवलं, ते त्यात आहे. तिनं सांगितलं तसंच मी केलं. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं किती मोठ्यानं म्हणाले कुणास ठाऊक. पण तिनं मान हलवली.

दिवाळीला इकडं ये. डबा या वर्षी पाठवणार नाही, येऊन खा.
तुझी आत्या


लातूर
३ जानेवारी २०२४

सौ. नव्हे श्रीमती केवळाबाई आक्कास,
सुमनचा नमस्कार.

लई वर्सांनी हातात पेन घेतला. चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र पुनमनं वाचून दाखवलं. तिला खोटं बोलता येत न्हाई. नाव वाचताना तिचे डोळे कागदावर न्हवतेच. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी खिडकीत उन्हाला बसले आणि वहिदाच्या सासऱ्याचं भिंग घेऊन तुमचं पत्र वाचलं. दोन दिवस लागले. सगळं वाचलं. तुमच्या कागदात तनुजा न्हाई. मागच्या बाजूला बी बघितलं.

आधी लई रडले. तीस वर्सं जे तुमच्याजवळ हाय म्हणून मी जगले ते न्हवतंच. मग तुमच्या त्या चार नावांचं वाचून आणखी रडू आलं. मला ठाऊक असतं तर मीच पोर घेऊन तुमच्याकडं आले असते. आपण दोघींनी मिळून काहीतरी ठेवलं असतं.

आक्का, एक माझं बी ऐका. ते स्वतः कुंकू घेऊन निघाले होते तुम्हाला आणायला. मी जाऊ दिलं न्हाई. गुरुलिंगला धाडा म्हणाले. पहिल्या दिवाळीला माझी पुरणपोळी फाटली तर तुम्ही चार बायकांत हसला होता, ते मी मनात धरलं होतं. म्हटलं, येऊ दे आपल्या पायानं. हे मी त्यांना कधी बोलू दिलं न्हाई आणि तुम्हाला कधी सांगितलं न्हाई. तुम्ही एकट्याच तीस वर्सं दोष घेऊन बसला. निम्मा माझा होता.

आता पुनमचं. तिला हे कळू देऊ नका. बहीण म्हणून तिला काय मिळालं, दगडाचा ढीग आणि आईचं गप्प बसणं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तिच्या बहिणीसाठी काहीतरी केलं. घाबरून केलं, पण केलं. नाव कुठून आणलं ते मला ठाऊक न्हाई, आणि पाहिजे बी न्हाई. तिनं म्हटलं तवा मला वाटलं, पाळण्यात कुणीतरी हललं. मी ते घेतलंय. ते पोरीचं नाव हाय.

पण रीत म्हणून एक राहिलं. नाव बहिणीनं आणलं तरी कानात आत्यानंच सांगायचं असतं. संक्रांतीला या. पुनमला मी कायतरी आणायला धाडते. तुम्ही माझ्या कानात सांगा. तिचा कान न्हाई तर माझा, ती माझ्याच पोटातली होती. मग बारसं झालं असं मी धरते, आणि मला जायला मोकळं.

पुढं माझं काय बी झालं आणि मी पुनमला तनुजा म्हणून हाक मारली, तर भ्रमात बोलते असं तिला वाटू द्या. मला दोघी एकदम जवळ पाहिजेत, आणि एकीलाच हाक मारायचं बळ राहील.

आपल्यात जे होतं ते संपलं, आता जे हाय तेवढं जपा.
तुमची भावजय सुमन,
तनुजाची आणि पुनमची आई